कणकुंबीचे धुके

खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते. समुद्रावरून आलेली वाफ सह्याद्री चढताना निवते आणि पावसाळ्यात गाव धुक्यात बुडून जाते. पण वाफेचे पाणी व्हावेच का? गंधक व हायड्रोजन यांच्या संयुगाचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड; तरी ते उणे 60 अंश सेंटिग्रेडलाच उकळते, पाणी मात्र 100 अंशांना. या हिशेबाने पाणी वायूच असावयास हवे! परंतु एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन-बंध रेणूच्या आतील बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकाच बळकट. उष्णतेने तुटतो, गारव्याने पुन्हा जुळतो. ही ओढ नसती, तर कणकुंबीवरून वाफ नुसतीच वाहून गेली असती. कूडलसंगमी कृष्णेस भेटावयास मलप्रभा नसती.