शेवटची नजर कुठं ठेवाल?

मैत्रिणींनो, सुईत दोरा ओवताना तुम्ही कुठं बघता? आधी दोऱ्याचं टोक ओलं करून त्याच्याकडे बघता, ते सरळ झालं की नाही याची खात्री करता. पण दोरा आत जातो त्या क्षणी नजर असते ती सुईच्या नेढ्यावर. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. हातानं आणि डोळ्यानं आपसांत ठरवून टाकलं.

आज मी तुम्हाला ज्या खेळाबद्दल सांगणार आहे, त्याचं सगळं मर्म या एका गोष्टीत आहे. खेळाचं नाव पूल. कापड ताणून बसवलेलं मोठं टेबल, सहा खळगे, एक पांढरा आणि पंधरा रंगीत चेंडू, आणि हातात लांब काठी. "अगंबाई, हा तर सिनेमातल्या खलनायकाचा खेळ!" असं म्हणून पान उलटू नका हं. मीही आधी तेच म्हणाले होते.

झालं असं, की दिवाळीनंतर मी अकोल्याहून अमरावतीला बहिणीकडे गेले होते. मूर्तिजापूरमार्गे एसटीनं दोन-अडीच तासांचा रस्ता. अंबादेवीचं दर्शन झालं, खरेदी झाली. संध्याकाळी कॉलेजात शिकणारी भाची म्हणाली, "मावशी, चाल माझ्यासंगं." आणि नेलं कुठं, तर पूलच्या क्लबात! मी दारातच थबकले. आत सगळी तरुण पोरं. भाची हसून म्हणाली, "कायले घाबरून राहिली वं? कॅरम तर खेळत होतीस ना तू?"

खेळत होते, खरंच. माझं माहेरही अकोल्यातलंच. आमच्या वाड्यात सुटीच्या दिवसांत बोरिक पावडरचा धुरळा उडायचा आणि मी दोन्ही भावांना हरवायची. लग्न झालं. सासरीही कॅरम बोर्ड होता, पण तो ओसरीवरचा, पुरुषांचा. तिथं खेळू नकोस असं मला कुणी म्हणालं नाही. ये असंही कुणी म्हणालं नाही. आणि मीही विचारलं नाही. सव्वीस वर्षं त्या बोर्डाशी माझा संबंध चहाच्या ट्रेपुरता राहिला.

असो. काठी हातात घेतली आणि पहिले पाच-सहा फटके वाया गेले. एकदा तर पांढऱ्या चेंडूला काठी नुसती चाटून गेली. तेव्हा भाची जे बोलली ते मी विसरणार नाही. "मावशी, तू चेंडूकडं पाहूनच नाही राहिली. तू त्या पोरांकडं पाहून राहिली!"

मग बघायचं तरी कुठं?

हे तिनं मला एकेक करून सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, वाकण्याआधी उभं राहून बघायचं. ज्या खळग्यात चेंडू घालायचा, त्या खळग्याच्या मध्यापासून चेंडूतून आरपार एक रेघ मनात ओढायची. ती रेघ चेंडूच्या अलीकडच्या बाजूला जिथं बाहेर पडते, तिथं पांढरा चेंडू टेकला पाहिजे.

इथंच नवख्या माणसाची चूक होते. आपण पांढऱ्या चेंडूचा मध्य सरळ त्या ठिपक्यावर रोखतो. पण चेंडू गोल आहे, त्याचा मध्य त्या ठिपक्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याची कड दुसरीकडे टेकते, आणि चेंडू तिरका जातो. फटका अगदी सरळ रेषेत असेल तरच हे चालतं. त्याऐवजी असं करा. ताटात दोन लाडू एकमेकांना चिकटून ठेवलेले असतात ना, तसा त्या ठिपक्याला टेकलेला एक पांढरा चेंडू तिथं आहे असं समजा. आपला पांढरा चेंडू बरोबर त्या कल्पनेतल्या लाडवाच्या जागी जाऊन बसला पाहिजे.

दुसरी गोष्ट, वाकल्यावर काठी दोन-चार वेळा हलकेच मागेपुढे झुलवायची. या वेळात नजर ये-जा करते: काठीचं टोक पांढऱ्या चेंडूच्या मध्यावर आहे ना, आणि नेम ठरलेल्या जागी आहे ना. ही तपासणी इथंच पुरी करायची.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. फटका मारण्याआधी क्षणभर थांबायचं, नजर समोरच्या चेंडूवरच्या त्या जागेवर स्थिर करायची आणि मगच काठी सोडायची. म्हणजे शेवटची नजर पांढऱ्या चेंडूवर नाही, समोरच्या चेंडूवर. दोरा हातात, पण डोळा नेढ्यावर, तेच हे! बहुतेक शिक्षक हेच सांगतात. अपवाद आहेत. डाव फोडण्याचा पहिला जोरकस फटका असेल, किंवा पांढरा चेंडू कडेला चिकटल्यामुळे काठी उंच धरावी लागत असेल, तर पुष्कळ खेळाडू शेवटी पांढऱ्या चेंडूकडेच बघतात. कारण तिथं धोका काठी घसरण्याचा असतो.

आणि चौथी गोष्ट, फटका मारल्यावर डोकं वर करू नका. चेंडू पडला की नाही हे बघायची घाई झाली, की मान हलते, मान हलली की खांदा हलतो, आणि काठी वाकडी जाते. पोळी फुगते आहे का म्हणून सारखी उचलून पाहणाऱ्या नव्या सुनेसारखं होतं ते.

शास्त्र काय म्हणतं?

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या जोन विकर्स या बाईंनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला. कृती करण्याआधी नजर एका जागी स्थिरावते, त्या थांबण्याला त्यांनी 'शांत नजर' अशा अर्थाचं नाव दिलं. पुढं २००२ साली इतर संशोधकांनी बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर हाच प्रयोग केला. तरबेज खेळाडूंची ही शेवटची नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहते, असं त्यात आढळलं. चांगला खेळाडू कमी जागी बघतो, पण नीट बघतो.

आणखी एक. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक डोळा नेम धरताना पुढाकार घेतो. तो कुठला हे घरीच कळतं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना घड्याळ जागेवरच दिसतं, तो तुमचा नेमाचा डोळा. काठी त्या डोळ्याच्या अंदाजानं हनुवटीखाली धरली, की नेम सुधारतो.

चाळिशी लागलीय? तरीही!

"आम्हाला आता चष्मा लागला, कसला नेम नि काय!" असं म्हणाल, तर डेनिस टेलरची गोष्ट ऐका. पूलचाच चुलतभाऊ असलेल्या स्नूकरमधला हा खेळाडू. वाकल्यावर आपण चष्म्याच्या वरच्या कडेतून बघतो आणि सगळं धूसर दिसतं. म्हणून त्यानं मुद्दाम उंच, उलटा लावल्यासारखा दिसणारा चष्मा करून घेतला. लोक हसले. १९८५ साली त्याच चष्म्यानं त्यानं स्टीव्ह डेव्हिसला अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर १८-१७ असं हरवलं आणि जागतिक विजेतेपद मिळवलं. मध्यरात्र उलटून गेली तरी ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक टीव्हीसमोर बसून होते!

आपण इतकं करायला नको. पण दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर डोळ्यांपासून बोर्ड किंवा टेबल किती लांब असतं ते मोजून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. त्या अंतराचा साधा चष्मा करून मिळतो. शिवणकामालाही उपयोगी पडतो.

आणि हा खेळ परका म्हणू नका बरं. स्नूकरचा जन्म १८७५ च्या सुमाराला जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असं मानतात. जबलपूर आणि आपलं वऱ्हाड पुढं १९५६ पर्यंत एकाच कारभाराखाली होते, हे तुमच्या सासऱ्यांना विचारा! पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली त्यांनी ते पुन्हा मिळवलं. बायका मागे आहेत म्हणाल, तर बंगळूरच्या चित्रा मगिमैराज यांनी २००६ साली महिलांचं बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद घेतलं. आणि आपल्या कॅरममध्ये? चेन्नईच्या रिक्षाचालकाची मुलगी खाझिमा २०२४ साली अमेरिकेतल्या विश्वचषकातून तीन सुवर्णपदकं घेऊन आली.

घरच्या बोर्डावर करून पाहा

पूलचं टेबल घरी नसलं तरी कॅरम बोर्ड असतोच. माळ्यावरून काढा, पुसा. एकच सोंगटी मध्ये ठेवा. पॉकेटपासून सोंगटीतून रेघ ओढा, कल्पनेतला स्ट्रायकर तिला टेकवून बघा, आपला स्ट्रायकर रेघेवर लावा. मग नजर सोंगटीवर आणा, मनात एक-दोन म्हणा, आणि मारा. रोज वीस फटके पुरेत. आठवडाभरात फरक जाणवेल.

मी हेच केलं. अकोल्याला परतल्यावर पुढच्या रविवारी ओसरीवर डाव मांडला होता. चौथा भिडू आला नव्हता. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि रिकाम्या बाजूला बसले. यांनी भुवया वर केल्या, पण सोंगट्या माझ्याकडे सरकवल्या. पहिला फटका फुकट गेला. कारण माझी नजर सोंगटीवर नव्हती, दिरांच्या चेहऱ्यावर होती. ते हसताहेत का, एवढंच मी बघत होते.

दुसऱ्या फटक्याला कुणाकडेच बघितलं नाही. फक्त सोंगटी. गेली!

तो डाव मी हरले, हे सांगून टाकते. पण त्याच्या पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात असताना ओसरीवरून दिरांची हाक आली, "वहिनी, येता ना? डाव मांडलाय." शेजारचे काका येऊन बसले होते, चौघं पुरे होते. तरी हाक आली. काका उठून म्हणाले, "बसा तुम्ही, मी चहाचं बघतो."

तेव्हा मैत्रिणींनो, बघणारे बघतच असतात. आपण कुठं बघायचं, तेवढं मात्र आपल्या हातात आहे.