नजरेखालची यादी : म्युच्युअल फंड आणि ईटीएफ

मध्यमवर्गीय घरांत पूर्वी वाण्याची, दुधाची आणि भिशीची अशा तीन वह्या असत. आता चौथी आली आहे. ती बहुधा मोबाइलमध्येच असते आणि तिच्यात, पैसे गुंतवावे की न गुंतवावे असा विचार चालू असलेल्या योजनांची नावे असतात. बाजारात तिला ‘वॉचलिस्ट’ म्हणतात. आम्ही तिला नजरेखालची यादी म्हणू. तीत म्युच्युअल फंड आणि ईटीएफ शेजारी शेजारी बसलेले असतात व प्रत्येकापुढे एक आकडा असतो. हे दोन आकडे एका जातीचे नाहीत, हे आज सांगावयाचे आहे.

दोघांचे कूळ मात्र एकच. पुष्कळांचे पैसे एकत्र करावयाचे, त्यांतून शेअर, रोखे किंवा सोने घ्यावयाचे आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याची युनिटे द्यावयाची. एकूण मालमत्तेच्या किमतीतून देणी वजा करून युनिटांच्या संख्येने भागले की येतो तो आकडा म्हणजे एनएव्ही. (वीस रुपये एनएव्हीचा फंड दोनशे रुपयेवाल्यापेक्षा ‘स्वस्त’ असतो, ही समजूत अजून फार ठिकाणी आढळते. ती निराधार आहे.)

भेद आहे तो खरेदीच्या जागेत. फंडाचे युनिट आपण फंडाकडूनच घेतो आणि त्यालाच परत देतो, तेही त्या दिवसाच्या अखेरीस निघणाऱ्या एनएव्हीने. ईटीएफचे युनिट शेअरबाजारात, दलालामार्फत, दुसऱ्या कोणा धारकाकडून घेतले जाते. त्यासाठी डीमॅट खाते लागते. एक ठरल्या भावाचे ग्राहक भांडार, तर दुसरी मंडई. मंडईत भाव क्षणोक्षणी बदलतो आणि मागणाऱ्याचा एक तर देणाऱ्याचा दुसरा असतो.

युनिटाची किंमत आणि मालमत्तेची किंमत यांची फारकत झाली की काय होते, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला ठाऊक आहे. १९६४ मध्ये युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ ही योजना काढली. तिचा खरेदी-विक्रीचा भाव मालमत्तेच्या मूल्याशी बांधलेला नव्हता, तो ठरवून दिला जाई. जुलै २००१ मध्ये ट्रस्टला युनिटांची विक्री व परतखरेदी थांबवावी लागली, आणि बँकेइतकेच सुरक्षित म्हणून ठेवलेले निवृत्तांचे पैसे अडकले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, जानेवारी २००२ मध्ये, निफ्टी निर्देशांकावर चालणारा भारतातील पहिला ईटीएफ राष्ट्रीय शेअरबाजारात विकला जाऊ लागला.

ईटीएफचा बाजारभाव एनएव्हीजवळ राहतो तो कोणाच्या सद्भावनेने नव्हे. भाव वर गेला की मोठे व्यापारी मूळ शेअर वा रोकड फंडाकडे देऊन नवी युनिटे घेतात व बाजारात विकतात. खाली गेला की उलट करतात. ह्या देवघेवीत त्यांचा नफा असतो आणि भाव ताळ्यावर येतो. पण नवी युनिटे काढण्याची वाट बंद झाली की हे यंत्र अडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चांदीचा तुटवडा पडला. चांदीचे ईटीएफ मूळ मूल्याच्या बरेच वर विकले जाऊ लागले, आणि काही फंडांनी चांदीच्या आपल्या फंड-ऑफ-फंड योजनांत एकरकमी पैसे घेणे थांबवले. त्या दिवसांत केवळ शेवटचा भाव पाहून ज्याने युनिटे घेतली, त्याने चांदीबरोबर गर्दीचीही किंमत मोजली.

म्हणून यादीत ईटीएफपुढे दोन आकडे हवेत : बाजारभाव आणि त्याच वेळचे अंदाजी एनएव्ही. रोजची उलाढालही पाहावी. तुरळक सौदे होणाऱ्या ईटीएफमध्ये एनएव्ही २७० असताना २७१ ला खरेदी झाली, तर एका फटक्यात ०.३७ टक्के गेले. वार्षिक खर्चात जी बचत मिळावी म्हणून ईटीएफ घेतला, ती एक-दोन वर्षांची अशी दारातच सांडते.

खर्चाचा प्रश्न मात्र खरोखर मोठा आहे. १ जानेवारी २०१३ पासून फंडांना मध्यस्थाविना ‘डायरेक्ट’ योजना ठेवाव्या लागतात; तिचे आणि ‘रेग्युलर’ योजनेचे एनएव्ही वेगळे असते. एक लाख रुपये वीस वर्षे दरसाल १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे ६,७२,७५० होतात. ९ टक्क्यांनी वाढले तर ५,६०,४४०. एका टक्क्याने मूळ रकमेहून अधिक पैसे नेले! तेव्हा रेग्युलर फंडाची तुलना ईटीएफशी करून ‘फंड महाग’ म्हणणे न्यायाचे नाही. निफ्टीच्या ईटीएफशेजारी निफ्टीच्याच इंडेक्स फंडाची डायरेक्ट योजना मांडावी, आणि दोघांचा परतावा लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी ताडून पाहावा. तज्ज्ञ व्यवस्थापकाने शेअर निवडलेला फंड हा वेगळाच प्राणी. त्याला वेगळे पान द्यावे.

महिन्याला दोन हजार बाजूला टाकणाऱ्याला आम्ही तरी इंडेक्स फंडच सुचवू. २७० रुपयांच्या ईटीएफची त्यात सातच युनिटे बसतात, ११० रुपये उरतात आणि दलाली निराळी. फंड मात्र युनिटाचे अपूर्णांकही देतो, आणि दोन हजार रुपये, नाममात्र मुद्रांकशुल्क सोडले, तर सगळेच्या सगळे कामाला लागतात.