मौखिक सहिष्णुता : आशा आणि पुरावा

आपण रोज डाळ, अंडी, मासे खातो. शरीराच्या दृष्टीने ही प्रथिने परकीच. तेच प्रथिन सुईने टोचले तर प्रतिकारशक्ती खवळते. तोंडावाटे पोटात गेले तर ती सहसा शांत राहते. या गुणधर्मास 'मौखिक सहिष्णुता' म्हणतात. १९११ साली वेल्स या शास्त्रज्ञाने गिनीपिगना अंड्यातील प्रथिन खाऊ घातले. पुढे तेच टोचले असता होणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेपासून ते बचावले.

हे कसे घडते? आतड्याच्या अस्तरात प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा तळ असतो. एखादे प्रथिन थोडे थोडे, वारंवार आले की तेथे 'नियामक टी पेशी' तयार होतात व त्या हल्लेखोर पेशींना आवर घालतात. प्रथिन मोठ्या प्रमाणात आले तर हल्लेखोर पेशीच निष्क्रिय होतात किंवा मरतात. नियामक पेशींवरील मूलभूत संशोधनासाठी साकागुची, ब्रुंको व रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंच्या आवरणावर. मग ज्या प्रथिनावर हल्ला होतो तेच खाऊ घातले तर? उंदरांमध्ये ही युक्ती उत्तम चालली. १९९३ मध्ये अमेरिकेत आमवाताच्या ६० रुग्णांवर कोंबडीच्या कोलॅजेनचा प्रयोग झाला व आशादायक फळ दिसले. मात्र गायीच्या मायलिनची मल्टिपल स्क्लेरोसिसवरील मोठी चाचणी १९९७ मध्ये निष्फळ ठरली. औषध व नकली गोळी यांत फरक आढळला नाही. मधुमेह टाळण्यासाठी दिलेल्या इन्सुलिनच्या कॅप्सूलनेही एकंदरीत निराशाच केली.

उंदरांना बहुधा रोग होण्याआधीच प्रथिन दिले होते; माणसात मात्र हल्ला आधीच सुरू झालेला असतो. वेळेचे महत्त्व ॲलर्जीच्या क्षेत्रातही दिसले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० तान्ह्या बालकांपैकी निम्म्यांना लवकर शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले. त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावे, की उंदरातील यश म्हणजे माणसातील उपचार नव्हे. आमवातावर 'खाण्याची पूड' घेऊन कोणी दारी आला, तर डॉक्टरांचे औषध थांबवू नये. उपचाराविना गेलेल्या महिन्यांत झिजलेला सांधा पुन्हा पूर्ववत होत नाही.