दुधाचं बिल शाळेत नेऊया



आज आपण शाळेबद्दल बोलूया. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. शाळेचं दार उघडलं, पण आत गेलेल्या प्रत्येक मुलाला खरोखर शिकायला मिळतं का, हे अजून बघावं लागतं.

१९८५ साली लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरातच सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांना मारायचं नाही, घाबरवायचं नाही आणि त्यांच्या अनुभवातून शिकवायचं, ही त्या शाळेची रीत. अशा शिकवण्याला फार पैसा लागत नाही. आपल्याच घरातलं दहा दिवसांचं दुधाचं बिल घ्या. त्यात लिटर आहे, फॅट आहे, दर आहे, म्हणजेच गुणाकार आणि दशांश अपूर्णांक आहे. गुऱ्हाळावर टनभर उसाचा साधारण शंभर किलो गूळ होतो. मग बाकीचं गेलं कुठं? थोडं चिपाडात, थोडं मळीत, बरंचसं वाफेत. पोरांनी हे लांब उभं राहून पाहिलं, मोजलं, वहीत लिहिलं, की विज्ञान झालं.

मात्र दुकानातून थर्माकोल आणायचा आणि रात्री आईनं बसून मॉडेल करायचं, याला अनुभवातून शिकणं म्हणत नाहीत. ज्या घरात त्यासाठी पैसे नाहीत, तिथलं मूल उगीच मागं पडतं. उलट ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातलं मूल वर्गात गप्प बसतं, पण उसाचं त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असतं. गुरुजींनी त्याला विचारलं, तर त्या दिवशी तेच वर्गाला शिकवेल. तसंच मुलींचं. झाडू मुलींच्या हातात आणि प्रयोगाचं सामान मुलांच्या हातात, असं चालत असेल तर शिकायची संधी सारखी मिळत नाही.

यात आपल्याला बोलता येतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात. मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं याच कायद्यानं बंद आहे, आणि कृतीतून, शोधातून शिकवावं असंही त्यात लिहिलं आहे.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवूया. आपल्यातलं समितीवर कोण आहे? ती फक्त सही करून येते की बोलते? एकटीला संकोच वाटत असेल तर दोघीतिघींनी सोबत जायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या. या महिन्यात मुलांनी स्वतः हातानं काय केलं? प्रयोग मुलींनी केला का? वर्गात कोण गप्प बसतं आणि का?

गुरुजींवर कामाचा बोजा आहे, हे आपल्यालाही दिसतं. तेव्हा भांडायला नको, मदतीला जाऊया. बियाणं कसं राखायचं, लोणच्याला मीठ किती लागतं, गटाचा हिशेब कसा लिहायचा, हे आपल्याला येतं. एक तास तेही वर्गात शिकवूया.