शर्यतीचा दिवस आणि मुका गडी

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि गावोगावच्या यात्रांचे दिवस एकच. इकडे अंधेरीत आपण व्याख्यान ऐकत बसलेलो असतो, तेव्हा तिकडे खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत घाट सजलेले असतात. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही पुष्कळ वर्षे कामगारांत वावरलो. चैत्र लागला की रजेचे अर्ज का वाढतात, हे आम्हांस कोणी सांगावे लागत नाही. रजा यात्रेची, आणि यात्रेचे मुख्य आकर्षण बैलगाड्यांची शर्यत. या कामगारांच्या तोंडून त्यांचे आठवणीतले दिवस आम्ही पुष्कळ ऐकले. त्या आठवणींचा अर्थ काय, तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडी माहिती. येथे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. शर्यतीसाठी राखलेली चढाची धाव. खेड तालुक्यातील निमगावच्या खंडोबाचा घाट प्रसिद्ध आहे. गाड्याला बैल चार. गाड्यालगत धुरेची जोडी, तिच्या पुढे जुकाटाची. त्यांच्याही पुढे घोडीवरचा स्वार पळतो. गाड्यावर माणूस बसत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि झुंज असते ती घड्याळाशी. या एका धावेला बारी म्हणतात. चांगली बारी बारा-तेरा सेकंदांत संपते. सातारा-सांगलीकडे प्रकार निराळा. तेथे सपाट मैदानावर दोन बैलांचे छकडे एकदम सुटतात आणि हाकणारा वर असतो. विदर्भात या शर्यतीला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट नावाजलेला आहे.

बारी काही सेकंदांची, पण आठवण जन्मभराची. मात्र ती ऐकताना आम्हांस एक गोष्ट नेहमी दिसून आली. इनाम किती मिळाले याचा आकडा सांगणारा अडखळतो. परंतु जू कोणी धरले, धुरेला कोणाचा बैल होता, घोडी कोणी पळविली, ही नावे तो अचूक सांगतो. कारण उघड आहे. शर्यतीचे चार बैल एकाच दावणीला क्वचित असतात. एकाचा एक, दुसऱ्याचा एक, असे करून गाडा जुळतो. ज्याला आपण विजय म्हणतो तो अनेक हातांचा असतो, हे या माणसांना कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही.

पुढे या आठवणींत खंड पडला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी घाट बंदच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरविला. डिसेंबरचा तो दिवस आज अनेक गाडामालक आयुष्यातला मोठा दिवस म्हणून सांगतात. त्यांचा आनंद आम्हांस कळतो. परंतु बंदी का आली, हा प्रश्न त्या आनंदात बुडवून चालणार नाही. चाबूक, शेपटी पिरगाळणे, टोचणी, विजेचा झटका, या तक्रारी काही हवेतून आलेल्या नव्हत्या. बैल वेगाने पळावा म्हणून हे प्रकार होत, आणि त्यांनी बदनाम झाला तो सगळा खेळ.

रोजच्या कामाच्या वाहनाची शर्यत लावण्याची हौस केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत ‘स्टॉक कार’ शर्यती आहेत. स्टॉक कार म्हणजे दुकानात मिळते तशीच, बदल न केलेली मोटार. निदान आरंभी तरी तसा नियम होता. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे या नियमाने पहिली मोठी शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या मोटारीच्या मागल्या स्प्रिंगांत फेरफार आढळला. त्याला बाद केले आणि जिम रोपर विजयी ठरला. पहिल्याच दिवशी पहिल्या आलेल्याला बाद करण्याची हिंमत दाखविली, म्हणून त्या नियमाला वजन आले.

त्याच खेळातला दुसरा दिवस आम्हां चळवळीतल्या माणसांना अधिक जवळचा. सप्टेंबर १९६९ मध्ये टॅलाडेगा येथील नव्या मार्गावर भयंकर वेगामुळे टायर फाटू लागले. चालकांची संघटना होती, रिचर्ड पेटी तिचा अध्यक्ष. बहुतेक नामांकित चालकांनी गाडी काढण्यास नकार दिला. शर्यत उरलेल्यांना घेऊन झाली, पण जिवाची जोखीम ज्याची, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे, हे जगाने पाहिले.

आता घाटाकडे वळा. येथे जोखीम कोणाची? धुरेच्या आणि जुकाटाच्या बैलांची. त्यांची संघटना नाही, त्यांना नकार देता येत नाही. म्हणूनच त्यांच्या वतीने कायदा बोलतो. धाव एक हजार मीटरपेक्षा लांब असू नये, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शर्यत नको, काठी-चाबूक आणि विजेचा झटका बंद, हे नियम म्हणजे त्या मुक्या गड्याचा करारनामाच होय. कारखान्यात यंत्रावरची सुरक्षा-जाळी काढून उत्पादन वाढविणाऱ्यास आम्ही कुशल म्हणत नाही. मग टोचणीने सेकंद वाचविणाऱ्यास घाटाचा राजा का म्हणावे?

नियम पाळावयास सरकारचा माणूस घाटावर उभा असलाच पाहिजे, असेही नाही. यात्रा कमिटीने एका लबाड गाड्याची बारी सर्वांसमक्ष बाद केली, तर शंभर फलकांचे काम होते. पुढल्या चैत्रात रजा घेऊन गावी जाणाऱ्या आमच्या बंधूंना एवढेच सांगणे: घड्याळाचा आकडा पाहा, पण आधी बैलाची पाठ पाहा. तिच्यावर वळ नसेल, तर त्या दिवसाची आठवण नातवंडांनाही ताठ मानेने सांगता येईल.