पंपाच्या स्टार्टरमधील सिम बदलताना



मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला म्हणजे रात्रपाळीची वीज आली तरी अंधारात विहिरीवर जावे लागत नाही. घरातून फोन लावला की मोटार सुरू! पण हा डबा तुमच्या मोबाईलचा जोडीदार आहे. त्याच्याही पोटात सिम असते, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. बंद करण्याचा निरोप डब्याला पोचलाच नाही, तर विहिरीने तळ गाठला तरी पंप कोरडा फिरतो आणि मोटार जळते.

जुन्या डब्यांतील सिम बोटाने काढता येते. काही नव्या डब्यांत मात्र ते आतल्या पट्टीवर डाग देऊन कायमचे बसवलेले असते. यालाच ई-सिम म्हणतात. ते काढायचे नसते. चिप तीच राहते, तिच्यावरची मोबाईल कंपनीची नोंद तेवढी बदलते, आणि ती नोंद रेंजमधून आपोआप येते. त्यासाठी प्रत्येक चिपला ३२ अंकी ओळख क्रमांक असतो. तो डब्यावरच्या चिठ्ठीवर असेल तर आजच वहीत उतरवून घ्या. दोन उन्हाळ्यांत चिठ्ठी पार पांढरी पडते.

नोंद उतरत असताना डब्याला वीज आणि रेंज, दोन्ही पाहिजेत. म्हणून थ्री-फेज चालू असतानाच स्टार्टर कंपनीच्या माणसाला हे काम करायला सांगावे. त्या वेळी खटका 'ऑटो'वर ठेवू नये, मोटार अचानक सुरू होईल. विहिरीत कोणी उतरले असेल तर मेन स्विच बंद करून हे काम सरळ दुसऱ्या दिवसावर टाकावे.

खरा घोटाळा होतो तो आपला स्वतःचा नंबर बदलताना. डबा फक्त नोंदलेल्या नंबराचे ऐकतो. जुने सिम आधीच बंद केले, तर नवा नंबर त्याला सांगणार कोण? म्हणून आधी जुन्या नंबरावरून नवा नोंदवावा. मग नव्या नंबरावरून मोटार एकदा चालू-बंद करून पाहावी आणि त्यानंतरच जुने सोडावे. यंत्रासाठी दिलेले १३ अंकी सिम असेल तर ते ठरवून दिलेल्या मोजक्या नंबरांशीच बोलते. तेव्हा डब्यात नोंद करून भागत नाही, सिम देणाऱ्या कंपनीलाही कळवावे लागते.

आणखी एक. नंबर तोच ठेवून सिम बदलून घेतले, तरी २०२२ सालच्या सरकारी आदेशानुसार पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. ज्यांचा स्टार्टर एसएमएसवर चालतो, त्यांनी पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी सिम बदलू नये. बदललेच असेल तर तेवढा एक दिवस मोटार हाताने चालवावी. डबा बिघडला असे समजून मेकॅनिकला पैसे देऊ नयेत.

"तुमचे सिम ई-सिम करून देतो, आलेला ओटीपी सांगा," असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. ओटीपी सांगितलात तर तुमचा नंबर त्याच्या फोनवर जातो, आणि त्यामागोमाग बँकेचे निरोपही त्यालाच मिळू लागतात. आपल्या फोनची रेंज अचानक गेली आणि शेजाऱ्याची चालू आहे, असे दिसले तर वेळ न दवडता बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.