आमच्या घरी आलेला कालिया

सकाळी पहिली पोळी तव्यावर पडायचा अवकाश, की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी कावळा हजर! मान तिरकी करून असा बघतो, की जणू कालचा हिशेब राहिला आहे. तुमच्याकडेही येत असेलच. आपण बायका त्याला हाडहूड करतो, पापड-कुरडयांच्या वाळवणाशेजारी काळी छत्री उघडून ठेवतो. आणि तोच कावळा सर्वपित्री अमावास्येला वेळेवर आला नाही, तर गच्चीवर पान घेऊन 'काव काव' करीत त्याचीच आळवणी करतो!

पण आज मी लिहिणार आहे ते खिडकीतल्या कावळ्याबद्दल नव्हे, तर कागदावरच्या. 'टिंकल' या मुलांच्या चित्रकथांच्या अंकांतला कालिया कावळा, ज्यांनी १९८० नंतर मुले वाढवली, त्यांतल्या पुष्कळजणींच्या ओळखीचा असेल. आमच्या घरी तो आला त्यालाही आता चाळीस वर्षे होऊन गेली. तो आला तेव्हा घरात एक रडणे चालू होते, म्हणून त्याची आठवण इतकी पक्की.

'हिचा रंग कुणावर गेला गं?'

गोष्ट १९८३ सालची. आम्ही तेव्हा नगरला (आता अहिल्यानगर) भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. थोरला मुलगा पाचवीत, धाकटी मुलगी दुसरीत. धाकटी रंगाने माझ्या सासूबाईंवर गेलेली. नाकीडोळी नीटस, केस दाट, पण रंग चांगला काळासावळा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बरोबर घेऊन गेले, की कुणी ना कुणी विचारायचेच, ''अगबाई, हिचा रंग कुणावर गेला गं?'' मी हसून म्हणायची, ''आजीवर.'' आणि घरी आल्यावर काय करायची? दर रविवारी डाळीचे पीठ, साय आणि हळद कालवून तिच्या अंगाला खसखसून लावायची. तोंडाने कुणाला काही बोलले नाही, तरी माझे हात तिला तेच सांगत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

एके दिवशी ती शाळेतून आली ती दप्तर पाठीवरून न काढताच दाराआड जाऊन बसली. वर्गातल्या मुलींनी तिचे नाव 'काळी काऊ' ठेवले होते आणि मुले तिला 'कालिया' म्हणत होती. 'शोले' १९७५ सालचा. पण त्यातला कालिया तोवर गल्लीबोळांतल्या पोरांच्या तोंडी बसला होता. रंगाने काळे पोर दिसले, की मारली हाक! रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने मला हळूच विचारले, ''आई, आणखी किती रविवार लावलं म्हणजे मी गोरी होईन?''

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवाळीत माझा भाऊ मुंबईहून आला. मुलांसाठी त्याने फटाक्यांबरोबर 'टिंकल'च्या अंकांचा एक गठ्ठा आणला. अंक इंग्रजी. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरी चित्रे बघत, अडखळत मी मराठीतून सांगू लागले. पाने उलटता उलटता एका कावळ्याचे चित्र आले. मी नाव वाचले आणि चपापले. धाकटीने ते ऐकले होतेच. ''आई, हापण कालियाच?'' मी म्हटले, ''हो.'' ''मग हा वाईट आहे का?'' मी गोष्ट पुरी वाचली आणि म्हणाले, ''नाही गं. यानंच सगळ्यांना वाचवलं.''

ती गोष्ट त्या रात्री मला तीनदा सांगावी लागली.

कोण हा कालिया?

'टिंकल'चा पहिला अंक नोव्हेंबर १९८० मध्ये मुंबईहून निघाला. संपादक होते अनंत पै. मुलांचे लाडके 'अंकल पै'. त्यापूर्वी १९६७ मध्ये त्यांनी 'अमर चित्र कथा' ही मालिका सुरू केली होती. त्यामागची हकिगत प्रसिद्ध आहे. दिल्लीत दूरदर्शनच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ते पाहून पैंच्या मनाला चुटपूट लागली. 'अमर चित्र कथे'त देव, वीर आणि संत आले. 'टिंकल'मध्ये मात्र साधी माणसे आणि जनावरे आली. वेंधळा सुपंडी आला, भित्रा शिकारी शंभू आला आणि कालियाही आला.

कालिया लुई फर्नांडिस यांच्या लेखणीतून उतरला. त्याला रूप दिले प्रदीप साठे यांनी. सुपंडी काढला राम वाईरकरांनी आणि शंभूची ती डोळ्यांवर आलेली टोपी वसंत हळबे यांची. म्हणजे बघा, देशभरातल्या मुलांनी ज्यांच्यावर जीव लावला, ती मंडळी आपल्याच मराठी चित्रकारांच्या हातची!

कालियाच्या गोष्टींचा साचा अगदी सरळ. जंगलात कीचू आणि मीचू नावाचे दोन भोळे ससे. त्यांच्यावर डोळा ठेवून चमटक नावाचा कोल्हा आणि त्याचा जोडीदार डूबडूब नावाची मगर. चमटकाचे नाव ऐकले, की आपल्या पंचतंत्रातले करटक-दमनक आठवल्याशिवाय राहत नाहीत. दोघे मिळून काही बेत रचतात, झाडावरच्या कालियाच्या तो कानी पडतो किंवा नजरेस पडतो, आणि शेवटी बेत रचणाऱ्यांचीच फजिती होते. दर वेळी असेच! मुलांना शेवट आधीपासून ठाऊक असतो. तरी पुढची गोष्ट हवीच. आपण नाही का, सत्यनारायणाची कथा दर वेळी तितक्याच श्रद्धेने ऐकत? काय होणार याची उत्सुकता नसते; ते तसेच होणार याचा भरवसा हवा असतो.

आणखी एक गंमत पाहा. कालियाजवळ बळ नाही, जादू नाही. त्याच्याजवळ उंचावरून सगळीकडे लक्ष ठेवणारे डोळे आहेत आणि वेळेवर सुचणारी अक्कल आहे. ती तो स्वतःच्या पोटासाठी खर्च करीत नाही, दुसऱ्याच्या जिवासाठी करतो. आणि आमच्या घरी जेवढ्या गोष्टी वाचल्या, त्यांत कुणीही त्याला रंगावरून हिणवत नाही. तो काळा आहे, तसाच तो शहाणा आहे, बस्स.

आपल्या घरातला कावळा

हे वाचताना मला राहून राहून आपली काऊ-चिऊची गोष्ट आठवे. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते, तो भिजत चिऊच्या दाराशी येतो. आणि चिऊ आतून एकेक कामे सांगत त्याला बाहेरच ताटकळत ठेवते. आपण सगळ्याजणी याच गोष्टीवर वाढलो. मुलांना भरवतानाही एक घास काऊचा असतो, पण मनात जागा असते ती चिऊला. बोलण्यात तर काय, 'कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही', 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला'. दोष त्याचाच! एके काळी घरातली बाई महिन्याचे चार दिवस बाहेर बसली, की मुलांना सांगत, ''आईला कावळा शिवलाय.'' म्हणजे तिच्या दूर बसण्याचे खापरही त्याच्याच माथी.

पण आमच्या जिल्ह्यातली माती कावळ्याकडे वेगळ्या नजरेनेही बघत आली आहे. नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, आणि शनिदेवाचे वाहन म्हणून आपल्याकडे कावळा दाखवतात. त्याच तालुक्यात प्रवरेकाठी नेवासे आहे, जिथे शके १२१२ मध्ये म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्याच ज्ञानदेवांच्या नावावरची एक विराणी लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघर पोचली आहे. तीत अंगणापलीकडे ओरडणारा कावळा हा शुभशकुन आहे. विठ्ठल येणार, याची वर्दी तो देतो, आणि वाट पाहणारी स्त्री त्याला गोडधोड खाऊ घालण्याचे, सोन्याने मढवण्याचे कबूल करते. अंगणात कावळा ओरडला, की आजही आपण म्हणतोच ना, 'पाहुणे येणार वाटतं!'

एकाच पाखरात एकीकडे शनीची भीती, दुसरीकडे माहेरच्या निरोपासारखा आनंद. आपण घरात मुलांना त्यातले कोणते सांगतो, एवढाच प्रश्न.

झाडूने हाकललेले नायक

जगातल्या कार्टूनांकडे पाहिले, तर हीच तऱ्हा. ज्या प्राण्यामागे आपण झाडू घेऊन धावतो, तोच पडद्यावर नायक! वॉल्ट डिस्नेचा उंदीर १९२८ मध्ये लोकांपुढे आला. त्याचे नाव 'मॉर्टिमर' ठेवायचे चालले होते. 'मिकी' हे नाव त्याची पत्नी लिलियन हिने सुचवले, असे सांगतात. १९४० मध्ये टॉम मांजर आणि जेरी उंदीर आले. आपल्याला यात नवल नको; आपण तर उंदराला गणपतीजवळ बसवून लाडू देणारी माणसे.

कावळ्याच्या वाट्याला मात्र तिकडे दुःख आले. डिस्नेच्याच १९४१ च्या 'डंबो' चित्रपटातले कावळे लहानग्या हत्तीला उडायला शिकवतात खरे. पण त्यांच्या बोलण्याचालण्यातून अमेरिकेतल्या काळ्या लोकांची टिंगल केली आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला. पुढे डिस्ने कंपनी स्वतःच तो चित्रपट दाखवण्यापूर्वी तशी सूचना दाखवू लागली होती. चित्रातल्या पाखराचा रंगही कुणाला टोचू शकतो, हे माझ्या मुलीने मला फार आधी शिकवले होते.

आणि शास्त्रज्ञ काय म्हणतात तेही ऐका. मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी प्रयोग करून तपासली. कावळ्याच्या जवळच्या नात्यातल्या पाखरांपुढे नळीत थोडे पाणी आणि त्यावर तरंगणारी अळी ठेवली. पाखरांनी खरोखरच दगड टाकून पाणी वर आणले! अमेरिकेतल्या सिॲटल शहरात मुखवटे घालून केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की कावळे त्रास देणाऱ्याचा चेहरा वर्षानुवर्षे विसरत नाहीत. तेव्हा उद्या खिडकीतल्या पाहुण्यावर लाटणे उगारण्यापूर्वी विचार करा हं!

पुढे काय झाले?

तुम्ही विचाराल, मग त्या अंकांनी मुलीचे दुःख संपले का? एका चित्रकथेने जग बदलत नाही, बाई. शाळेतली हाक काही दिवस चालूच राहिली. फरक पडला तो इतकाच, की एकदा कुणी 'कालिया' म्हटल्यावर धाकटीने उत्तर दिले, ''हो, आणि तू डूबडूब!'' वर्ग हसला, आणि त्या वेळी हसणे तिच्या बाजूचे होते. आमच्याकडचा रविवारचा डाळीच्या पिठाचा कार्यक्रम मी बंद केला. नहाण राहिले, खसखसून घासणे गेले.

पुढे तिचे लग्न ठरवताना एका स्थळाकडून निरोप आला, 'मुलगी सर्व दृष्टींनी पसंत आहे, पण रंग...' मी आत जाऊन डोळे पुसत होते. ती पाठोपाठ आली आणि म्हणाली, ''आई, रडतेस काय? चमटकाचा बेत फसला म्हण!'' कॉलेजात शिकवणारी, पंचविशीतली मुलगी ती. पण त्या घटकेला तिला आठवला तो दुसरीतला दोस्त. नंतर तिचे चांगले झाले. जावयांनी रंगाचा विषयसुद्धा काढला नाही.

अनंत पै २०११ मध्ये गेले. 'टिंकल'ची मालकी त्याआधीच, २००७ मध्ये, नव्या कंपनीकडे गेली होती. आमच्याकडचा तो जुना गठ्ठा मात्र अजून आहे. काही अंकांना मी कणकेच्या खळीने कव्हरे चिकटवली होती, ती झुरळांनी कुरतडली. आतला कालिया शाबूत आहे.

मागल्या मे महिन्यात नात राहायला आली होती. दहा वर्षांची आहे, रंगाने थेट आईवर. दुपारी सगळे अंक तिने फरशीवर पसरले. रात्री लाडात येऊन म्हणाली, ''आजी, छोट्या बाळांची काऊ-चिऊची गोष्ट सांग ना, मजेत.'' मी सांगू लागले. काऊ भिजत दाराशी आला, चिऊने आतून थांबायला सांगितले, तोच नातीने मला अडवले.

''पण आजी, पाऊस पडत होता ना? मग चिऊनं पहिल्यांदाच दार का नाही उघडलं?''

इतकी वर्षे ही गोष्ट मी सांगत आले, माझ्या आईनेही मला सांगितली. हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. मी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हटले, ''चुकलंच तिचं. थांब, पुन्हा सांगते.''

तेव्हापासून आमच्याकडची चिऊ पहिल्या हाकेला दार उघडते. काऊ आत येतो, चुलीपाशी पंख शेकतो, आणि मग दोघे मिळून गरम खिचडी खातात.